मोठा स्क्रीन घ्या, मामा!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, पण सल्ल्याची टंचाई आजवर कधी पडलेली नाही. बोअर कुठं घ्यायचं, सोयाबीन आत्ता विकायचं की दिवाळीनंतर, पोरीला लातूरकडं द्यायची की सोलापूरकडं, हे पारावर कुणालाही विचारा. खरं म्हणजे विचारायचीही गरज नाही. त्यामुळं माझ्या मामांना नवा फोन घ्यायचाय, ही बातमी तुळजापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात फुटली आणि सल्ल्यांची रीघ लागली. त्यात सगळ्यांचं एकमत झालेला सल्ला एकच होता: "मोठा स्क्रीन घ्या, मामा."

मामांना दिसत नाही. काचबिंदूनं पन्नाशीत दोन्ही डोळे नेले, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सल्ला देणाऱ्यांतले निम्मे तर गरज नसताना त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून देणारे. तरी फोन म्हटलं की माणसाच्या डोक्यात आधी स्क्रीन येतो. मामा प्रत्येकाला "घेतो की" म्हणायचे. वाद घालण्यापेक्षा होकार देणं स्वस्त पडतं, हे ते अडत दुकानात शिकले.

ते तिथं दिवाणजी होते. किर्द, खतावणी, पट्ट्या, सगळं हातानं. आकडे त्यांच्या डोक्यात जे बसले ते डोळे गेल्यावरही हलले नाहीत. त्यांच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये एकही नाव साठवलेलं नव्हतं. गावातल्या लोकांचे नंबर तोंडपाठ, आणि ते दाबायची पद्धत एकच: अंगठा आधी पाचावर. बटणांच्या फोनवर पाचाच्या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. दिसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला असतो. तो सापडला की डावीकडं चार, उजवीकडं सहा, वर दोन, खाली आठ. सगळा मुलूख ताब्यात. वर्षानुवर्षं घासून तो उंचवटा एक दिवस सपाट झाला. मग मामीनं तिथं आपली टिकली चिकटवली. टिकली घामानं निसटायची, मामी नवी लावायची. फोनला अशी सौभाग्यलेणी चढवून काही काळ निभावला, पण शेवटी बॅटरीच फुगली.

दुसरा बटणांचा फोन मिळाला असता. पण एव्हाना गाव व्हॉट्सॲपवर राहायला गेलं होतं. सोयाबीनचे भाव तिथं, ग्रामसभेची दवंडी तिथं, दहाव्याचं बोलावणंसुद्धा तिथं. मामांचं म्हणणं, "आंधळा झालो ते झालो, आता अडाणी कशाला ऱ्हाऊ?"

काचेच्या सपाट फोनवर आंधळ्या माणसानं बोट ठेवायचं कुठं, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांतले एक पुण्यात वाढलेले निघाले. टी. व्ही. रामन. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूनंच त्यांची दृष्टी गेली. मग पुणे विद्यापीठात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणक, पुढं अमेरिकेत कॉर्नेलमध्ये डॉक्टरेट आणि मग गूगल. तिथं त्यांनी चार्ल्स चेन या सहकाऱ्याबरोबर एक नामी युक्ती काढली. काचेवर पाच कुठं आहे ते शोधत बसायचंच नाही. बोट पहिल्यांदा जिथं टेकेल तिथं पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडं वर तिरपं नेलं की एक. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंजे आता टिकली लावायचीच गरज न्हाई."

२००९ साल या बाबतीत महत्त्वाचं. त्या वर्षी आयफोनच्या ३जीएस मॉडेलमध्ये बोटाखाली काय आहे ते बोलून सांगणारा व्हॉइसओव्हर आला आणि अँड्रॉइडमध्ये तसाच टॉकबॅक. दोन्ही फोनमध्येच, फुकट. त्याआधी पुण्या-मुंबईची अंध पोरं नोकियाचे ठरावीक फोन शोधून घ्यायची आणि त्यात 'टॉक्स' नावाचं बोलणारं सॉफ्टवेअर वेगळे पैसे मोजून घालायची. तेही स्वस्त नव्हतं. म्हणजे डोळस माणसाला फोन विकत घ्यावा लागे आणि आंधळ्याला फोन आणि त्याची वाचा, दोन्ही.

आयफोन घ्यावा असंही एका पाहुण्यानं सुचवलं. तो या कामात चांगलाच आहे, पण त्याच्या किमतीत आमच्याकडं उस्मानाबादी शेळ्यांचं खांड उभं राहतं. (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून तेच आहे.) बारा-पंधरा हजारांत काम भागतं हे मामांनी आधीच काढून ठेवलं होतं. शेजारच्या गावचा एक जन्मांध पोरगा पुण्याला शिकतो. दिवाळीच्या सुटीत त्यानं आपल्या फोनवर मामांकडून आठ दिवस बोटांची तालीम करून घेतली होती. त्याचा फोन इतक्या वेगानं बोलायचा की मला एक शब्द कळेना. मामा मात्र शांत. "बाजार समितीत सौदा चालू असताना यापेक्षा जोरात बोलतेत."

तर आम्ही धाराशिवला एका मोबाईल शॉपीत गेलो. काउंटरवरचा पोरगा तोंडपाठ बोलू लागला: डिस्प्ले अमुक इंच, रंग असे, ब्राइटनेस तसा, उन्हात सुद्धा क्लिअर दिसतं काका. मामांनी फोन हातात घेतला आणि आधी कडेनं चाचपला. आवाजाची बटणं कुठल्या बाजूला, चालू-बंदच्या बटणातच बोटाचा ठसा घेतात का की काचेखाली कुठंतरी लपवलाय, खाली इअरफोनचं गोल भोक आहे की तेही कंपनीनं काटकसरीत बुजवलंय. मागं कॅमेऱ्याचा उंचवटा नखानं तपासला. मग कानाशी धरून स्पीकर खरखरतो का ते ऐकलं. तीन फोन असेच परत दिले. चौथा हातात ठेवला, आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली आणि फोन बोलायला लागला.

काउंटरवरचा पोरगा दचकला. त्यानं फोन मागून घेतला आणि सवयीनं एक टिचकी मारली. फोननं त्या चित्राचं नाव सांगितलं आणि 'दोनदा टॅप करा' म्हणाला. पोरानं परत एकदाच टिचकी मारली, फोननं परत नाव सांगितलं. पान सरकवायला गेला तर पान जागचं हलेना, कारण टॉकबॅक चालू असताना त्याला दोन बोटं लागतात. मालक आले. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन पाहिलं, मग खाली आणून पाहिलं. "हँग झाला वाटतं."

"हँग न्हाई झाला," मामा म्हणाले. "त्यो तुमाला विचारलालाय, उघडू का म्हनून. तुमी ऐकंनात." आणि हात पुढं केला. दोन टिचक्यांत हवं ते उघडलं, बंद केलं, फोन मालकांच्या हातात दिला. इतका वेळ 'काकांना काय जमणार' अशा चेहऱ्यानं माझ्याशीच बोलणारं ते दुकान तेव्हापासून मामांशी बोलू लागलं. अंध माणसाबरोबर दुकानात गेलं की किंमत, रंग, हप्ता सगळं बरोबरच्याला विचारतात. हॉटेलात तर वेटर "यांना काय आणू?" असं माझ्याकडं बघून विचारतो, जणू मामा भाषेलाही पारखे झालेत.

"कॅमेरा दाखवा," मामा म्हणाले. यावर मालकांना हसू आवरलं नाही. पण या खरेदीत सगळ्यांचा हिशेब उलटा होता. स्क्रीन मामांसाठी शोभेचा, कॅमेरा कामाचा. बँकेचं पत्र, औषधाची पट्टी, वीजबिल हे सगळं कॅमेऱ्यापुढं धरलं की फोन वाचतो, आणि कॅमेरा मिणमिणता असेल तर फोनही अंदाजपंचे वाचतो.

शिवाय नोटा. दिवाणजींची बोटं म्हणजे काय चीज आहे हे जुन्या नोटा असताना बघायला हवं होतं. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब आणि पाचशेची १६७. बोटांच्या पेरांत एक सेंटिमीटरचा फरक बसायचा. नव्या नोटा शंभर, दोनशे, पाचशे अशा क्रमानं १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. रुंदी तिन्हींची ६६. म्हणजे दोनशे आणि पाचशे यांच्यात तीनशे रुपयांचा फरक आणि चार मिलिमीटरचा. कडेला उठावाच्या रेघा आहेत, पण नोट बाजारात चार हात फिरली की त्याही झिजतात. रिझर्व्ह बँकेनं यासाठी १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं ॲप काढलं. नोट कॅमेऱ्यापुढं धरली की किती रुपयांची ते सांगतं, इंटरनेट नसलं तरी. नोट खरी की खोटी ते मात्र सांगत नाही. मामांना त्याचं काही नाही. "किती हाय तेवढं त्यानं सांगावं, खरी-खोटी मी सांगतो," असं म्हणून ते नोट कानाशी फडकावतात.

फोन घेतल्यावर मराठी आवाज उतरवून घेतला. ही गोष्ट गावी जाण्याआधी, चांगलं नेटवर्क असताना करायची. इंग्रजी आवाजावर सोडलं तर मराठी मजकूर पुढं आला की फोन मौनव्रत घेतो. उलट मराठी बोली इंग्रजी अक्षरांत लिहायची आमच्या भाच्यांना हौस. त्यांचं 'काय करलालाव' हे फोनच्या तोंडून ऐकताना परदेशी पाहुणा रझाकाराच्या काळातला हुकूम वाचतोय असं वाटतं. चेहऱ्यांची चित्रं लोक ओळीनं दहा टाकतात. फोन प्रामाणिक. तो 'आनंदाश्रूंसह हसरा चेहरा' दहाही वेळा म्हणतो.

इअरफोन एकाच कानात, हा नियम त्या पुण्याच्या पोराचा. दुसरा कान रस्त्यासाठी, म्हशीसाठी आणि मामीसाठी मोकळा. एकदा इअरफोन लावायचाच राहिला तेव्हा एसटीत 'पीएम किसान'चे दोन हजार जमा झाल्याचं फोननं सगळ्या गाडीला सांगितलं. तुळजापूर येईपर्यंत दोघांनी अभिनंदन केलं आणि एकानं पाचशे उसने मागितले.

अडचणी सगळ्या संपल्या असंही नाही. काही ॲपं अशी की त्यात बोट फिरवलं की फोन नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतो. बनवणाऱ्यानं कशाचं बटण ते लिहायचे कष्ट घेतलेले नसतात. केवायसी करताना तर फोन सांगतो, चेहरा चौकटीत आणा आणि डोळे मिचकावा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची रीत अपंगांना झेपेल अशी करायला सांगितलं. मामांनी ती बातमी फोनवरच ऐकली. "कोर्टाला कळलं. आता त्या चौकटीला कळायचं ऱ्हायलंय."

कोणता फोन घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. सहा महिन्यांत ते मॉडेल बाजारातून जाईल. तुमच्या घरी कुणासाठी घ्यायचा असेल तर त्या माणसालाच दुकानात घेऊन जा आणि तिथं आपण गप्प बसा.

आणि आणखी एक काम करा. शारदीय नवरात्रात तुळजाभवानीच्या अलंकार पूजेचे फोटो अख्खा जिल्हा एकमेकांना पाठवतो. मामांचा फोन प्रत्येक वेळी 'फोटो' एवढंच म्हणतो. वर्णन करणारी ॲपं आता आहेत, ती फुलं सांगतात, दागिने सांगतात. पण आज कोणता अलंकार होता ते मामांना गावातल्या माणसाकडून हवं असतं. फोटो पाठवाल तेव्हा खाली 'आज शेषशाही अलंकार' किंवा 'आज मुरली अलंकार' इतकं टाइप करा. लग्नपत्रिकेचा फोटो पाठवत असाल तर तारीख, वेळ आणि मंगल कार्यालयाचं नावही लिहा. गेल्या हंगामात मामांची दोन जेवणं बुडाली, ते अजून काढून दाखवतात.