दात मोजून गाडी घ्यावी

सर्वप्रथम इच्छुकाने आपला तालुका कोणता, हे मनाशी पक्कं करावं. शहापूरकराला आसनगावची लोकल आहे. एक चुकली तर दुसरी येते. मुरबाडकराला रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वे दर निवडणुकीला येते आणि मतमोजणी झाली की निघून जाते. म्हणून शहापूरकर गाडी हौस म्हणून घेतो आणि मुरबाडकर तीच गाडी गरज म्हणून घेतो, पण हौस पूर्ण करून घेतो. पुढील मार्गदर्शन दोघांनाही लागू आहे. भिवंडीकरांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाचावं.

विषय असा, की सेकंड हँड, छोटी आणि पळणारी गाडी घ्यायची आहे. टॉप घ्यावी की बेस?

परदेशात या जातीला हॉट हॅचबॅक म्हणतात. १९७६ साली जर्मनीत गोल्फ जीटीआय नावाची ११० अश्वशक्तीची गाडी विक्रीला आली आणि तिच्यामुळे ही जात नावारूपाला आली. आपल्याकडे 'हॉट'चा अर्थ एसीतला गॅस संपलेला, असा होतो. तरी अस्सल वाणाच्या दोन गाड्या आपल्याही नात्यातल्या आहेत. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, १०५ अश्वशक्ती, ही चाकणची. २०१५ ची पुंटो अबार्थ, १४५ अश्वशक्ती, ही रांजणगावची. म्हणजे दोघींचं माहेर घाटावर. माळशेज उतरलं की टोकावडे, तिथून सरळ मुरबाड. आपल्या कितीतरी घरांत घाटावरून सुना आल्या आणि सुखाने नांदल्या, तसं यांनीही नांदायला हरकत नव्हती. पण अबार्थचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटरवर आणि आमच्या किन्हवली रस्त्यावरचे काही गतिरोधक सरकारने घातलेले नाहीत. ज्याच्या दारात कोंबडी मेली त्याने रागाच्या भरात घातलेले आहेत. रागाला मिलिमीटरचं माप नसतं. शिवाय दोघींचं उत्पादन आता बंद झालं. पुंटो केव्हाच थांबली, पोलो २०२२ साली. एखादा आरसा फुटला तर तो शोधत पुण्यापर्यंत जावं लागतं.

तेव्हा फिरून फिरून माणूस स्विफ्टवरच येतो. २००५ च्या मे महिन्यात ती आली, २००७ च्या जानेवारीत तिला फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं, आणि आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या तरुण पिढीचं जे व्हायचं ते झालं. ७५ अश्वशक्ती. आकडा ऐकून हसू नये. त्या इंजिनात दोन हजार फेऱ्यांच्या खाली काहीच घडत नाही आणि वर गेलं की सगळं एकदम घडतं. माळशेजच्या वळणावर ट्रकला ओलांडताना नेमका पहिला भाग चालू असतो. शेजारी बसलेल्या आईच्या तोंडून तेवढ्यात म्हसोबाला नवस बोलून होतो.

आता टॉप आणि बेसकडे वळू.

युरोपात मुद्दाम सोलून काढलेल्या गाड्या मिळतात. प्यूजोची २०५ रॅली नावाची गाडी होती, वजन ७९४ किलो. पत्र्याची पांढरी चाकं आणि आत ऐषआरामाच्या नावाने शून्य. रेनोने २००८ मध्ये मेगानची एक आवृत्ती काढली, तिची मागची सीटच काढून टाकली, काचांच्या जागी प्लास्टिक बसवलं, १२३ किलो वजन उतरवलं आणि किंमत मात्र वाढवली. हे मी मामांना सांगितलं. मामांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "सीट काढून काय, कोंबड्या न्यायच्या होत्या का?"

"नाही मामा, हलकी होते. जोरात पळते."

"आणि पैसे जास्त?"

"जास्त."

"म्हणजे शिंगं कापलेला बैल जास्त भावानं!"

मामांची ओळख करून द्यायला हवी, कारण गाडी बघायला जाताना सोबत एक मामा न्यावाच लागतो. आमच्या मामांना गाडी चालवता येत नाही. पण पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैलबाजार भरतो, तिथे त्यांनी उभा जन्म घालवला आहे. बैल घ्यायचा तर मालकाचं ऐकायचं नसतं, बैलाच्या तोंडात हात घालायचा असतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. दात खोटं बोलत नाहीत. गाडीला दात कुठे असतात, हे मी मामांना दाखवलं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असं असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. मालक म्हणतो, गाडी पस्तीस हजार किलोमीटर चालली, एकहाती, कंपनीची टायरं. आणि चार टायरांवर चार वेगवेगळी सालं, तीही चार कंपन्यांची! मामा चारी बाजूंनी वाकून आले आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही चार दाती सांगताय. हा तर कधीच जुळला."

तर बेस गाडी दोन प्रकारची असते. जन्माने बेस आणि कर्माने बेस.

जन्माने बेस म्हणजे कंपनीने दिलंच नाही ती. पहिल्या पिढीची स्विफ्ट एलडीआय घ्या. काळी हँडलं, काळे आरसे, हाताने फिरवायच्या काचा. शहरातला माणूस अशा गाडीला नाक मुरडतो. त्याने एकदा भर जुलैत कसाऱ्याच्या घाटात बॅटरी बसलेल्या टॉप मॉडेलमध्ये अर्धी काच उघडी ठेवून अडकून बघावं. नसलेली वस्तू बिघडत नाही, हा बेस मॉडेलचा मोठा गुण.

पण त्याहून मोठा गुण कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बेस मॉडेल नवरदेवाला चालत नाही. तुमच्याकडे अलॉयची, लाल रंगाची टॉप मॉडेल आहे हे भावकीत कळलं, की मे महिना संपेपर्यंत ती गाडी तुमची राहत नाही. "दादा, फक्त हळदीला," म्हणून नेतात आणि चौथ्या दिवशी मांडवपरतणीहून ती परत येते. बॉनेटवर झेंडूचे डाग, चिकटपट्टी काढताना निघालेला रंग, मागच्या सीटखाली अक्षता आणि डिझेलचा काटा जमिनीला. काळ्या बंपरच्या गाडीकडे बघून वराचे काका आपण होऊन म्हणतात, "राहू द्या, आपण दुसरी बघू." या एका वाक्यासाठी बेस गाडीला थोडे पैसे वर द्यायला माझी हरकत नाही.

थट्टेत एक गोष्ट मात्र निसटू नये. त्या जुन्या बेस गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली भारतीय स्विफ्ट आपटून बघितली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. काच हाताने फिरवणं ही काटकसर झाली. छाती आणि स्टीअरिंग यांच्यामध्ये काहीच नसणं हिला काटकसर म्हणता येत नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टला मात्र सगळ्यात स्वस्त मॉडेलपासून दोन्ही मिळालं, दोन एअरबॅगांसह. म्हणून टॉप की बेस हे नंतर विचारा, आधी साल विचारा. २०१२ च्या चकचकीत गाडीपेक्षा २०१८ ची काळ्या हँडलांची केव्हाही बरी. आमच्या घरात हे मत पटायला तीन महिने लागले, कारण २०१२ च्या गाडीला सनरूफचं स्टिकर होतं. सनरूफ नव्हता, फक्त स्टिकर होतं.

कर्माने बेस म्हणजे कंपनीने भरभरून दिलं आणि मालकाच्या भाच्याने काढून टाकलं. हा भाचा प्रत्येक गावात एक असतो. तो मागची सीट काढतो आणि तिथे आवाजाचे डबे बसवतो. तो स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवतो, मग चाकं तिरकी होतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. बाहेरून बघणाऱ्याला टायर नवंकोरं दिसतं. म्हणून हात आत घालून चाचपावं. तो सायलेन्सर कापून फटाके वाजवतो. २०१२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मला बंदी केली. भाच्याच्या काचेवर महाराजांचं चित्र आणि चारी बाजूंनी काळोख. मालक या सगळ्याला 'पन्नास हजारांचं काम केलंय' असं म्हणतो. त्या कामाचे पैसे देऊ नयेत. उलट ते काम उलटवायला जो खर्च येईल तो किमतीतून कापावा.

भाच्याहून चलाख माणसंही असतात. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर प्रकरण जास्त गंभीर आहे: बहुधा एअरबॅग कधीच फुटून गेलीय आणि कोणीतरी दिव्याचंही तोंड बंद केलंय. अशी गाडी कागदावर टॉप असते आणि अंगाने बेस.

मग पूर. २६ जुलै २००५ आठवत असेल. उल्हास नदीने २०१९ च्या जुलैत पुन्हा आठवण करून दिली. पुरातून निघालेली गाडी धुऊन, सुगंधी करून विकायला उभी राहते. मालक सुगंधाबद्दल बोलू लागला, की सीटबेल्ट शेवटच्या इंचापर्यंत बाहेर ओढावा. बेल्ट धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. त्यावर गाळाची रेघ असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते बेल्टच सांगतो.

चालवून बघताना लोक समृद्धी महामार्गावर जातात. खुटघरला चढलं, की ताशी १२० पर्यंत परवानगी. गाडी पळते, मन भरून येतं. ती परीक्षाच नव्हे. समृद्धीवर पिठाची गिरणीसुद्धा सरळ जाईल. गाडी न्यावी किन्हवलीहून सरळगावकडे, मधल्या एखाद्या फुटक्या फाट्याने आत घालावी आणि आधी गाणी बंद करायला लावावीत. विकणारा चावी फिरवतो त्याच हाताने गाणं का लावतो, हे गाणं बंद केल्यावर खालून ऐकू येतं.

कागदपत्रांना शहापूर-मुरबाडचा माणूस भीत नाही, कारण त्याने सातबारा पाहिलेला असतो. आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो तसा इथे बँकेचा असतो. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची ना हरकत लागते. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. 'सह्या करून ठेवल्यात, सावकाश करा' असं कोणी म्हणालं, तर त्याच्या आधीच्या मालकानेही त्याला हेच म्हटलं होतं असं समजावं. फार स्वस्त डिझेल असेल तर ती बहुधा दिल्लीची. तिकडे डिझेल गाडी दहा वर्षांत म्हातारी ठरायची, मग ती आपल्याकडे काशीयात्रेला यायची आणि कर नव्याने मागायची.

राहिला भाव. म्हशाला भाव बोलून होत नाही. उपरण्याखाली हातात हात जातो, बोटं दाबली जातात, दोघांचे चेहरे दगडासारखे. धसई २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून गाजलं, पण उपरण्याखाली स्कॅन करायची सोय अजून निघालेली नाही. आम्ही बघायला गेलेली गाडी २०१८ ची होती, बेस, पांढरी. दलाल साडेचारावरून खाली येईना. मी बोललो, माझा मित्र बोलला, दलाल फोनवर कोणाशी तरी खोटं खोटं बोलला. मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागे जाऊन उभे राहिले आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी एक थाप त्यांनी तिच्या पाठीवर मारली.

डिकी आपोआप उघडली.

मामांनी आत डोकावून पाहिलं, ती हळूच लावली आणि पुन्हा थाप मारली. पुन्हा उघडली.

"खोड आहे हो शेठ," मामा म्हणाले, "दहा हजार कमी करा."