हँडल जिथल्या तिथे

पॅडलबोर्डवर उभं कुठे राहायचं याचं उत्तर सोपं आहे. मधलं हँडल दोन पावलांच्या मध्ये येईल असं. फळीचा तोल जिथे सापडतो तिथेच हँडल बसवायची रीत असल्यामुळे उचलताना हाताची आणि वल्हवताना पायाची, अशी दोघांचीही सोय होते. आमच्या बोर्डाचं हँडल मात्र जेवणाच्या सुट्टीची घंटा वाजता वाजता कुणीतरी चिकटवलं असावं. ते तोलापासून चांगलं वीतभर मागे आहे. उचललं की पुढचं टोक वाळूत नांगरट करत जातं. पाण्यात उभं राहिलं की मागची बाजू बुडते, पुढची वर येते आणि वाऱ्याला आयतं शीड मिळतं. देवबागला कर्लीच्या खाडीत दुपारी समुद्रावरून वारा सुटला, की मी संगमाच्या दिशेनं वल्हं मारत असतो आणि बोर्ड मला घेऊन आत गावाकडे निघालेला असतो.

बाकीच्या खोडी हवा भरायच्या बोर्डांच्या सगळ्या जातीच्याच. पंपाचा काटा बराच वेळ शून्यावर ढिम्म बसतो आणि दंडांना घाम फुटल्यावर मग हलायला लागतो. १५ पीएसआयपर्यंत जायचं म्हणजे मोटारीच्या टायरच्या निम्मा दाब, तोही हातानं. व्हॉल्व्हमधली पिन वर असली तर बंद, दाबून फिरवून खाली अडकली तर उघडी. ती खाली असताना नळी काढली, की सगळी मेहनत एका फुत्कारात किनाऱ्यावर. ते पाहून एका होडीवाल्यानं विचारलं, "अहो, हवा भरूनच दमलात, आता वल्हवतलो कोण?"

तरी आतली करामत बघण्यासारखी आहे. वरचं नि खालचं कापड हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं, म्हणून हवा भरल्यावर त्याचा फुगा न होता सपाट, टणक फळी होते. युक्ती जुनी. अमेरिकेत गुडइयरनं १९५६ साली याच तत्त्वावर हवा भरून उडवायचं चक्क विमान बनवलं होतं. डझनभर बनवली, उडवलीही. पण धनुष्यबाणानं पाडता येईल अशा विमानाचं लष्करानं करायचं काय, असं लोक म्हणत राहिले आणि १९७३ मध्ये तो खटाटोप गुंडाळला गेला. विमान उडवण्याइतकी अक्कल ज्या वस्तूत आहे, तिच्यावर एक हँडल नेमक्या जागी बसू नये?

कंपनीला लिहिलं. उत्तर तत्परतेनं आलं. गैरसोयीबद्दल दिलगिरी होती आणि हँडलचा फोटो मागवला होता. फोटोत हँडल अतिशय देखणं दिसत होतं. मग व्हिडिओ मागवला. तो बायकोनं किनाऱ्यावरून काढला. त्यात मी मागे मागे जाताना दिसतो आणि ती हसताना ऐकू येते. त्यावर कंपनीनं माझं वजन विचारलं. हे मला लागलं, पण सांगितलं. मग, "हँडल तुटलं आहे का?" नाही. "निघालं आहे का?" नाही. "तर आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." प्रत्येक मेलखाली नाव वेगळं, दिलगिरी तीच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष डिझाइनबद्दल उत्पादकाला जबाबदार धरायची तरतूद आहे हे कळल्यावर हुरूप आला. पुढे वाचलं. त्यासाठी कुणाला इजा किंवा दुसऱ्या कशाचं नुकसान व्हावं लागतं. खुद्द त्या वस्तूचं नुकसान धरत नाहीत. म्हणजे मी बुडालो असतो तर माझी बाजू भक्कम होती. सदोष मालाची साधी तक्रार जिल्हा आयोगाकडे, आपण राहतो तिथेच करता येते. पण तिथेही समोरून वकील विचारणारच, हँडल तुटलंय का?

मी त्यांना तेवढंच कळवलं, की आता आयोगाकडे जाईन म्हणतो. आठवडा उलटायच्या आत पाकीट आलं. आत नवं कोरं हँडल. गोंद नाही, तो ज्वालाग्राही असल्यानं कुरिअरनं पाठवता येत नाही, आपला आपण आणावा. सोबत सूचनांचा कागद, आणि त्यात ठळक अक्षरांत: नवं हँडल जुन्या हँडलच्याच जागी बसवावं. जागा बदलल्यास वॉरंटी रद्द.