या साहेब, सही करा

ऑनलाइन नकली माल विकणाऱ्यांची आपल्याकडे एक वही ठेवायची असते, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 साली आले, त्यातला पाचवा नियम सवड काढून वाचा. कॉपीराइट किंवा ट्रेडमार्क कायद्याखाली ज्याचा माल एकदा उतरवावा लागला आणि तरीही जो तसलाच माल पुन्हा पुन्हा मांडतो, असा विक्रेता ओळखता येईल इतपत नोंद वेबसाइटनं ठेवावी. उत्तम. लगेच खाली परंतुक: अशा विक्रेत्याला हाकलण्याचं बंधन मात्र वेबसाइटवर नाही. हाकलायचंच असेल तर स्वखुशीनं हाकलावं.

स्वखुशीनं! लोक रक्तदान स्वखुशीनं करतात, श्रमदान करतात. भामट्याला दाराबाहेर काढणं आता त्याच पुण्यकर्मांत जमा.

बरं, नोंद तरी ठेवायलाच हवी का? तसंही नाही. नोंद ठेवण्याचे ‘वाजवी प्रयत्न’ करायचे आहेत. पेन शोधलं, सापडलं नाही, तर प्रयत्न झाले.

आमच्या सोसायटीच्या गेटवरची वही याच जातीची आहे. नाव, कुठून आलात, कोणाकडे, सही. आता समजा, चोर आला. वॉचमन त्याला ओळखतो, कारण मागच्याच महिन्यात त्यानं तिसऱ्या मजल्यावरचा गिझर नेला होता. ‘या साहेब, सही करा.’ चोर ‘कोणाकडे’च्या रकान्यात ‘बघतो’ असं लिहितो आणि आत जातो. गिझर खांद्यावर घेऊन निघाला की वॉचमन त्याला थांबवतो, कारण आऊट टाइम टाकायचा राहिला तर सेक्रेटरी ओरडतात. पुढच्या खेपेला चोर स्वतःच वही पुढे ओढतो आणि मागच्या नोंदीखाली ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा होतो. चौथ्या खेपेला वॉचमनच त्याला सांगतो, ‘आज लिफ्ट बंद आहे हं, जड काही काढू नका.’ वार्षिक सभेत एखादे जोशीकाका उठून विचारतात, तर सेक्रेटरी वही उघडून दाखवतात: बघा काका, एकही चोरी नोंदीशिवाय झालेली नाही! सभा टाळ्या वाजवते, बटाटेवडे येतात. आणि हो, दर गिझरमागे सोसायटीला कमिशन मिळतं. हे शेवटी सांगितलं, कारण आमच्या सोसायटीत ते मिळत नाही. वेबसाइटला मिळतं.

वेबसाइटचं म्हणणं ठरलेलं असतं: आम्ही निव्वळ मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 मध्यस्थाला संरक्षण देतं. त्यानं व्यवहारात हात घालू नये, योग्य ती काळजी घ्यावी आणि गैरप्रकार प्रत्यक्ष कळला की तो हटवावा, या अटींवर. कळला तर ना! त्यामुळे न कळणं ही या धंद्यातली मोठी गुणवत्ता झाली आहे. गोदाम यांचं, खोकं यांचं, खोक्यावरची चिकटपट्टी यांच्या नावाची. आणून देणारा पोरगा यांच्या टी-शर्टातला, पैसे आधी यांच्या खात्यात. टीडीएस कापायचा म्हणून विक्रेत्याचा पॅनसुद्धा यांच्याकडे. यादीत माल सर्वांत वर दिसावा म्हणून जाहिरातीचे पैसेही यांनीच घेतलेले. खोक्यातलं पुस्तक तेवढं यांचं नाही.

पुस्तक म्हणालो, म्हणजे माझं दुखणं बाहेर आलंच. नकली बुटांसाठी भांडायला बड्या कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे. मराठी पुस्तकासाठी कोण आहे? 450 रुपयांची कादंबरी 119 रुपयांना घरपोच. हातात घेतलीत की कळतं. मुखपृष्ठ धुरकट, मोबाइलवर फोटो काढून छापल्यासारखं. कागद असा पातळ की मागच्या पानावरचा नायक पुढच्या पानावरच्या नायिकेच्या अंगावर चालून येतो. अनुस्वार उडालेले, कडेला फोटोकॉपीची काळी सावली. आणि पान 96 नंतर थेट 113! अख्खा एक फर्मा गायब. परत करायला जा, तर कारणांच्या यादीत ‘साइज बसला नाही’ आहे, ‘मन बदललं’ आहे. ‘चोरीचं आहे’ हे कारण नाही. नियमाप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच दोन मिनिटांत येते, मशीनच पाठवतं ती. निवारण म्हणजे 119 रुपये परत. ग्राहक खूश, फाइल बंद. लेखकाचं काय? त्यानं ऑर्डरच दिली नव्हती, तो तक्रार कुठल्या नंबरावर टाकणार?

हीच प्रत आप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारानं काउंटरवर ठेवून बघावी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, 50 हजार ते दोन लाख दंड आहे. ‘साहेब, मी निव्वळ मध्यस्थ, कपाट तेवढं माझं’ असं तो म्हणाला तर पोलीस पोटभर हसतील आणि मग पंचनाम्याला बसतील. स्वखुशीची सोय त्याला नाही.

प्रकाशक बिचारा हजाराची आवृत्ती काढतो आणि ती संपायची वाट बघत वर्षं मोजतो. प्रदर्शनात सवलत देऊनही ‘ऑनलाइन 119ला मिळतं की हो’ हे ऐकून घेतो, वर हसतो. त्याला काय वाटत असेल, हे मला विचारू नका. मला जे वाटतं ते वर्तमानपत्रात छापता येणार नाही. परत आलेल्या प्रतींचं एक वेळ सोडा. पण ज्यांना पुस्तक नकली आहे हे शेवटपर्यंत कळलंच नाही, पानं 97 ते 112 न वाचताच ज्यांनी ‘कथानक मध्येच तुटक वाटतं, लेखकाची पकड सुटली आहे’ असं लिहून दोन तारे दिले, त्यांच्या प्रत्येक प्रतीवर कापलेलं कमिशन कुठे आहे? जबाबदारी कुणाची, यावर तुमचे वकील पुढची वीस वर्षं खुशाल वाद घालू देत. तोवर ते पैसे लेखकाच्या खात्यावर टाका. पॅन मी देतो.