प्रतिनिधी व्हावं का?

अमेरिकेतल्या कॉलेजात हॉस्टेलची पोरं सांभाळणाऱ्याला बहुधा खोली फुकट मिळते. गडचिरोलीच्या आदिवासी वसतिगृहात ती सगळ्यांनाच फुकट. मग प्रतिनिधीला काय? हजेरीचं रजिस्टर.

पूर्वी निदान पातळ वरणावरून भांडायचा मान होता. 2018 मध्ये शासनानं शहरांतल्या वसतिगृहांत जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं, नि तोही गेला. आता येता-जाता एकच, "पैसे आले का बे?" जणू तिजोरीची किल्ली प्रतिनिधीच्याच करदोट्याला!

शिवाय पावसाळ्यात बाथरूममध्ये निघालेला साप कवड्या की मण्यार, हे ठरवायचं. दोघं दिसायला जवळजवळ सारखे, पहिला बिनविषारी. गृहपाल म्हणतात, "जवळून बघ."

अर्ज भरलाय. विरोधात कुणीच उभं नाही, तेवढं खटकतंय.