शिट्टीचे उपकार

ज्या घरात कोणी राहत नाही त्याच घराला राखण जास्त लागते, हे लोणावळ्याने साऱ्या महाराष्ट्राच्या आधी ओळखले. तुंगार्ली, वळवण, खंडाळा इथले कितीतरी बंगले सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. आत फ्रीज, गीझर आणि एक ओलसर सोफा. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत गार्ड. अशा व्यवस्थेला नावे ठेवणारे लोक आहेत. त्यांना सुरक्षेतले काही कळत नाही, एवढेच म्हणता येईल.

त्यांचा पहिला आक्षेप शिट्टीवर. रात्री दोन वाजता शिट्टी फुंकत आणि काठी आपटत गेलेला गस्तवाला चोराला सावध करतो, असे ते म्हणतात. मग करू नये का? चोरालाही काही वेळापत्रक लागते. शिट्टी वळवणच्या बाजूला गेली म्हणजे तुंगार्लीत अर्धा तास निवांत, हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे दोघांची गाठ कधी पडत नाही आणि कोणाला इजा होत नाही. पावसाळ्याचे चार महिने तर घाटमाथ्यावरच्या पावसात शिट्टी फुंकणाऱ्यालाही ऐकू येत नाही. तरी तो फुंकतो. खांबाखांबावर लावलेल्या टॅगला यंत्र टेकवतो, बंद बंगल्यापुढे उभा राहून सेल्फी काढतो आणि ग्रुपवर टाकतो. फोटोत धुके येते. मुंबईतले मालक अंगठा दाखवतात आणि कूस बदलतात.

गेटवरचे रजिस्टर हा तर स्वतंत्र गौरवाचा विषय आहे. नाव, गाडी नंबर, कोणाकडे, सही. आजवर एकाही चोराने त्यात नोंद केलेली नाही, यावरूनच सोसायटी किती सुरक्षित आहे ते दिसते. वानरे सही न करता येतात, पण ती मेंटेनन्स भरत नसल्याने त्यांचा विचार करायचे कारण नाही. धुणीभांडी करायला वीस वर्षे येणाऱ्या मावशींना मात्र रोज थांबवावे लागते, आणि जाताना त्यांची पिशवी उघडून बघावी लागते. ज्या जमिनीवर बंगला उभा आहे ती त्यांच्या सासऱ्यांची होती, पण रजिस्टरमध्ये तसा रकाना नाही. काळ्या काचांची मोठी गाडी आली की दांडा आपोआप वर जातो आणि सलाम होतो. माणूस गाडीवरून ओळखावा, ही विद्या नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ मध्ये कायदा झाला, आणि २००६ च्या नमुना नियमांत गार्डाला १०० तास वर्गात व ६० तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण सांगितले होते. आमच्याकडे टोपी डोक्यावर बसली की सगळे ज्ञान अंगात उतरते.

गेटवरच एवढा भर का, असे विचारणाऱ्यांनी लोहगड पाहावा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे ओळीने चार दरवाजे. मार्च १८१८ मध्ये इंग्रज या दरवाजांशी झटत बसले नाहीत. त्यांनी आधी शेजारचा, उंचीने जास्त असलेला विसापूर घेतला, आणि लोहगड लढाईवाचून रिकामा झाला. या इतिहासाचा बोध आमच्या सोसायट्यांनी अचूक घेतला आहे: दरवाजा भक्कम करावा. मागची भिंत ओढ्याकडे पडली आहे ती पडू द्यावी. तिकडे रजिस्टर ठेवायला टेबल मावत नाही.

पूर्वी हे काम फार रानटी पद्धतीने चाले. गावचा जागल्या किंवा रामोशी रखवालीचा हक्क घेई, आणि चोरी झाली तर माग काढत पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जाई. माग तिथवर पोचवला नाही, तर गेलेला माल भरून देण्याचा बोजा त्याच्यावर येई. म्हणजे राखणदाराला चोरी परवडतच नसे. शिवाय या लोकांचे राखणीशी नातेही फार. पुरंदरच्या राखणीचे हक्क गेले तेव्हा उमाजी नाईकांनी बंड केले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी जाईपर्यंत ते सरकारला पुरून उरले. आजच्या गार्डाला काढले तर तो बंड करीत नाही. बारा तासांची ड्युटी संपवून दुसऱ्या एजन्सीची टोपी घालतो आणि पलीकडच्या गेटवर बसतो. चोरीची जबाबदारी एजन्सीवर नाही, हे कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. ती गार्डावर टाकावी तर त्याचा पगार गेलेल्या गीझरच्या किमतीला पुरत नाही. मालक तर मुंबईत. अशा तऱ्हेने कोणावरही ओझे न पडता चोरी पार पडते.

त्यानंतर सर्वसाधारण सभा. तिथे असा ठराव येतो की गार्डावर लक्ष ठेवायला दुसरा गार्ड नेमावा, आणि दोघांवर लक्ष ठेवायला कॅमेरे बसवावेत. मागच्या भिंतीचा विषय वेळेअभावी पुढच्या वर्षावर जातो. कॅमेऱ्यांचा पडदा कुठे लावायचा यावर थोडी चर्चा होते. मग एकमताने ठरते की गेटवरच्या केबिनमध्ये, पहिल्या गार्डाच्या समोर.