हबकर

त्यांचं खरं आडनाव आता फक्त पासपोर्टावर उरलंय. सिंगापुरातल्या आम्हा मराठी मंडळींत ते ‘हबकर’. पूर्वी गावावरून आडनावं पडायची, यांचं ‘हब’वरून पडलं. त्यांच्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस दहा मिनिटांत हबकतो, हा निव्वळ योगायोग.

प्रवासाहून आलेल्या माणसाला आपण ‘प्रवास कसा झाला?’ असं विचारतो. हबकर विचारतात, ‘वाया कुठे?’ उत्तर ‘चांगी’, म्हणजे सिंगापूरचा विमानतळ, आलं की त्यांचा चेहरा खुलतो. ‘दुबई’ किंवा ‘दोहा’ आलं तर लांबच्या भावकीतलं सुतक कळल्यासारखं नुसतं ‘हं’ करतात. पण ‘क्वालालंपूर’ म्हणालात, तर खुर्ची ओढून समोर बसतात. तिथे त्यांचे साडू राहतात.

ही व्यवस्था नशिबानेच केलेली आहे. साताऱ्याच्या एका घरातल्या तीन बहिणी. थोरली दिली बँकॉकला, मधली सिंगापूरला आणि धाकटी क्वालालंपूरला. म्हणजे आग्नेय आशियातले तीन मोठे विमानतळ एकाच सासुरवाडीत आले. साडू-साडूंत एरवी दिवाळसणाच्या अंगठीवरून जे चालतं, ते इथे धावपट्टीच्या लांबीवरून चालतं.

हबकर टॅम्पिनीसला राहतात, चांगीपासून हाकेच्या अंतरावर. नोकरी शिपिंग कंपनीत. जगभरचे कंटेनर सिंगापूरच्या बंदरात येतात आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर चढून निघून जातात, त्यांचा हिशेब ते ठेवतात. पोटापाण्यासाठी ट्रान्सशिपमेंट, हौसेसाठी ट्रान्झिट. रविवारी माणसं देवळात जातात, हे सहकुटुंब विमानतळावर जातात. यात सिंगापुरात कुणाला वावगं वाटत नाही. इथली पोरं परीक्षेचा अभ्याससुद्धा टर्मिनलमध्ये बसून करतात. फरक एवढाच, की हबकर प्रत्येक प्रसाधनगृहात जाऊन येतात. गरज म्हणून नव्हे. बाहेर पडताना ‘स्वच्छता कशी वाटली?’ असं विचारणारा एक पडदा असतो. त्यावरच्या सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर ते बोट दाबतात आणि मतदान करून आल्यासारखे बाहेर येतात.

‘हब म्हणजे काय हो?’ असं मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा मी इथे नवा होतो.

‘सहावं स्वातंत्र्य,’ ते म्हणाले.

मला वाटलं, राज्यघटनेतलं काहीतरी असावं. मग कळलं, की १९४४ साली शिकागोला देशोदेशीची मंडळी बसली आणि कोणाच्या विमानाने कुठे काय करावं, हे ठरवायला लागली. त्यातून पुढे हवेतल्या स्वातंत्र्यांची यादी तयार झाली. पहिलं स्वातंत्र्य, दुसऱ्याच्या देशावरून न उतरता उडत जायचं. दुसरं, इंधनासारख्या कामापुरतं उतरायचं. तिसरं आणि चौथं, आपल्या घरून माणसं न्यायची आणि घरी आणायची. सहावं म्हणजे एका परक्या देशातली माणसं उचलायची, आपल्या घरावरून न्यायची आणि दुसऱ्या परक्या देशात सोडायची.

‘जाणारा आपला नाही, जायचं ठिकाण आपलं नाही,’ हबकर म्हणाले, ‘वाट तेवढी आपली! देशाची वस्ती साठ लाख. देशांतर्गत विमानसेवा नावाला नाही, उडालं की परदेशच. तरी २०२४ मध्ये चांगीतून ६ कोटी ७७ लाख माणसं गेली. वाटेवर असण्याची किंमत आहे ही.’

वाटेवर असणं हे हबकरांच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान आहे. ते कुणाला ‘घरी या’ म्हणत नाहीत, ‘वाटेत थांबा’ म्हणतात.

पण वाट एकाची नसते, तिथेच साडू येतात. सिंगापूर आणि मलेशिया यांची विमानकंपनी मुळात एकच, एमएसए. १९७२ साली घर फुटलं. हबकर ही वाटणी अशी सांगतात, जणू ते स्वतः पंच होते. ‘मलेशियाला घरातले मार्ग वाढवायचे होते. पेनांग, सबा, सारावाक. आम्हाला घरच नव्हतं, आम्ही काय वाढवणार? त्यांनी जमीन घेतली, आम्ही आभाळ मागितलं. परदेशचे मार्ग घेतले, बोइंगा घेतल्या. एमएसए ही अक्षरंसुद्धा ठेवायची होती, म्हणून नव्या कंपनीला ‘मर्क्युरी सिंगापूर एअरलाइन्स’ म्हणायचं घाटत होतं. ते काही जमलं नाही.’ एवढं सांगून सुस्कारा सोडतात. वाटणीत तांब्या-पितळेची भांडी मिळाली, पण आजीचा पितळी डबा तिकडेच राहिला, असा तो सुस्कारा असतो.

दर शनिवारी रात्री तिघा साडूंचा व्हिडिओ कॉल असतो. बायका पलीकडे आईच्या गुडघ्याबद्दल बोलत असतात, इकडे टर्मिनलं भिडलेली असतात.

‘अहो, तुमचं टर्मिनल म्हणजे मॉल आहे,’ क्वालालंपूरचे, म्हणजे केएलचे, साडू सुरुवात करतात. ‘आमचं बघा. जपानच्या कुरोकावांनी बांधलं. विमानतळात जंगल, जंगलात विमानतळ!’

‘जंगल आहे खरं. जंगलातली आगगाडी कुठाय?’

हा घाव वर्मी बसायचा. मुख्य टर्मिनलवरून पलीकडच्या इमारतीत नेणारी बिनड्रायव्हरची गाडी मार्च २०२३ मध्ये बंद झाली होती आणि लोकांना बसने नेत होते. केएलचे साडू मग हुकमाचा एक्का काढायचे. ‘गरिबाला विमानात कोणी बसवलं? एअर एशियाने! २००१ साली कंपनी एका रिंगिटला घेतली.’

‘आणि वर चार कोटी रिंगिटचं कर्ज घेतलं, ते सांगा की!’

‘आणि तुम्ही? सिंगापूर-केएल हा तासाभराचा प्रवास. २००८ पर्यंत स्वस्तातल्या कंपन्यांना या मार्गावर पाऊल ठेवू दिलं नाही!’

यावर हबकर गप्प बसतात. कारण ते स्वतः केएलला बसने जातात. जोहोरचा पूल ओलांडून पाच-सहा तास. ‘त्या निमित्ताने मलेशिया बघून होतो,’ असं त्यांचं स्पष्टीकरण असतं.

बँकॉकचे साडू वयाने मोठे, म्हणून कमी बोलतात. पण बोलतात तेव्हा संस्कृतात शिरतात. ‘आमच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत शिरल्यावर समुद्रमंथन! वासुकीला धरून देव-दानव ओढतायत. तुमच्याकडे काय आहे, धबधबा?’

‘चाळीस मीटरचा! छपराखालचा जगातला सर्वांत उंच!’ हबकर उसळतात. ‘आणि वासुकीचं म्हणाल, तर तुमच्या जागेचं जुनं नावच नागाची दलदल. १९७३ मध्ये जागा घेतली आणि २००६ मध्ये विमान उडालं. तेहेतीस वर्षं नुसतं मंथन!’

असंच एका शनिवारी माझ्याबरोबर पनवेलचे एक पाहुणे होते. ते लगबगीने चहाचे कप आत ठेवायला गेले.

हबकर खरे कळतात ते पाहुणे वाटेत थांबल्यावर. ऑस्ट्रेलियाला जाणारा कुणी भाचा, कुणी मावसभाऊ चांगीला तीन तास उतरतो. तेवढ्यात बाहेर येऊन परत आत जाणं कोणाला परवडतं? बरं, यांनी आत जावं, तर उडायचा इरादा नसताना नुसतं आत शिरायला तिकीट काढणं हा सिंगापुरात गुन्हा आहे. लोकांना अटकही झाली आहे. हबकरांनी यावर तोड काढली आहे. टर्मिनल दोन आणि तीनमध्ये धावणारी स्कायट्रेन ज्वेल नावाच्या मॉलच्या पोटातून, त्या धबधब्याशेजारून जाते. आतल्या प्रवाशांची गाडीही तिथूनच जाते. हबकर पाहुण्याला फोनवर सांगतात, ‘तीनवरून गाडी पकड. काचेशी उभा राहा. मी खाली भगव्या शर्टात आहे.’

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. साठीचे चुलतभाऊ येणार होते, बावीस वर्षांनी. वहिनींनी बेसनाचे लाडू दिले होते, द्यायला नव्हे, दाखवायला. हबकर डबा उघडून, तिरका धरून उभे. गाडी आली. काचेमागे एक टोपी दिसली, तिच्याखाली एक हात दिसला. हबकरांनी डबा वर केला, एक लाडू घरंगळला, गाडी गेली. सगळं मिळून सात-आठ सेकंदं.

‘भेट झाली,’ हबकर म्हणाले आणि खाली पडलेला लाडू शोधू लागले. बराच वेळ शोधत होते. लाडू माझ्या पायाशीच होता, पण मी बोललो नाही.

आता मुख्य प्रकरण. सासूबाईंचा धाकटा मुलगा मेलबर्नला असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्याकडे जायचं ठरलं आणि तिन्ही विमानतळांवर युद्धस्थिती जाहीर झाली. प्रश्न साधा होता, आई वाया कुठे जाणार?

बँकॉक आणि केएलने व्हिसाचा मुद्दा काढला. २०२३ च्या अखेरीपासून थायलंड-मलेशियाला भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, सिंगापूरला लागतो. हबकरांनी त्यावर मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. कॅमेऱ्यासमोर दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर धरलं, दुसरं मेलबर्नवर आणि ताणलं.

‘बघा! गोलावरची सरळ वाट. दोरा कुठून जातोय? सिंगापूरवरून! भूगोल खोटं बोलत नाही.’

केएलचे साडू स्क्रीनला नाक लावून बघत होते. ‘अहो, जरा नीट बघा. दोरा आधी आमच्यावरून जातोय, मग तुमच्यावरून.’

खरंच तसं होतं. बँकॉक मात्र चांगलं बोटभर बाजूला राहिलं. थोरले साडू ‘दोरा ओला आहे’ असं काहीतरी पुटपुटले.

‘पण दिल्ली कशाला धरलीत?’ वहिनींनी विचारलं. ‘आई तर साताऱ्याहून निघणार.’

उत्तर आठ दिवसांनी साताऱ्याहूनच आलं. सासूबाईंनी फोन केला. ‘जावईबापू, माझं ठरलंय. साताऱ्याला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसते, ती थेट निजामुद्दीनला उतरवते. दिल्लीला माझी बहीण आहे, तिच्याकडे आठ दिवस राहते. तिथून एअर इंडियाचं विमान थेट मेलबर्नला जातं. मधे कुठे उतरायचं नाही, की बदलायचं नाही.’

‘पण आई, तिघी मुली वाटेवर असताना...’

‘म्हणूनच! एकीकडे उतरले, की दोघींची तोंडं वर्षभर फुगलेली. त्यापेक्षा मी वरूनच जाते.’

तीन देशांची विमानखाती पन्नास वर्षं जिला घाबरत आली, ती गोष्ट सासूबाईंनी दोन वाक्यांत सांगितली. हबला दुसऱ्या हबची भीती नसते, थेट विमानाची असते. यांनी सहाव्या स्वातंत्र्याची तयारी केली होती, आईंनी पहिलं वापरलं.

आई दिल्लीहून उडाल्या त्या रात्री विमानं दाखवणारं ॲप उघडून हबकर जागत बसले. मलाही बसवलं. पिवळं विमान बंगालच्या उपसागरावरून, अंदमानाजवळून खाली येत होतं. त्यानेही दोऱ्याचाच मान राखला. फोन वाजला. ‘साडूभाऊ, आई आमच्यावर आल्या,’ केएलहून खबर आली. ‘१९७७ मध्ये आमच्या मलेशियाने आवाजाची तक्रार करून काँकॉर्ड अडवलं होतं. पण सासूबाईंना कोण अडवणार?’

काही मिनिटांनी विमान आमच्या जवळपास आलं. हबकर खिडकीशी गेले. ढग होते, काही दिसलं नाही. वहिनी आतून म्हणाल्या, ‘लाइट तरी लावा, तिला वरून घर दिसेल.’ हबकरांनी सगळे दिवे लावले. मग विमान जावा समुद्राकडे सरकलं आणि त्यांनी ते एकेक करून मालवले.

मला वाटलं, माणूस खचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. हातात कागद, चेहऱ्यावर प्रसाधनगृहाच्या पडद्यावरचं हसू.

‘नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्या बदल्यात सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात हिस्सा मिळाला. २५.१ टक्के! म्हणजे काल आई चतकोर आमच्यातर्फेच गेल्या!’

शनिवारी हा हिशेब तिघांसमोर मांडला गेला. केएलचे साडू बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘मग उरलेल्या पाऊण सासूबाई कोणाच्या?’

‘टाटांच्या.’

यावर कुणाला बोलता येईना. तिन्ही घरांत साताऱ्याहून आणलेला चहा टाटांचाच होता.

पुढे जुलैत केएलची ती गाडी एकदाची सुरू झाली. साडूंनी गाडीत बसून व्हिडिओ कॉल केला, पण हबकरांचं लक्ष नव्हतं. सासूबाईंचा मुक्काम संपत आला होता. ते पृथ्वीगोल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी या वेळी दोऱ्याचं टोक आधी मेलबर्नवर धरलं आणि हळूहळू दिल्लीकडे नेत मला म्हणाले,

‘बघितलंत? परतीच्या वाटेवर आधी सिंगापूर येतं.’