केशरक्षण व्रत : साहित्य, विधी आणि फलश्रुती

अधिकार. हे व्रत पुरुषांनी करावे. कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकू लागले असावे, किंवा लग्नाच्या व्हिडिओत आपला माथा नवऱ्या मुलापेक्षा जास्त चमकलेला दिसला असावा. रोज पन्नास-शंभर केस सगळ्यांचेच गळतात. तेवढ्यावर संकल्प सोडू नये. अचानक गोल चट्टा पडला असेल तर ती चाई. तिचे व्रत वेगळे, डॉक्टरही आधी गाठावा.

बाधा. टेस्टोस्टेरॉनपासून एक विकर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार करते. हे महाशय कपाळावरच्या आणि माथ्यावरच्या केसांची मुळे बारीक करत नेतात. कानामागच्या झालरीला मात्र हात लावत नाहीत. वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, हे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ साली मांडले. एवढा खात्रीचा उपाय असूनही त्याचे प्रचारक फारसे भेटत नाहीत.

साहित्य. (१) मिनॉक्सिडिल, ५ टक्के. मूळची ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, तेव्हा कंपनीने तक्रारीतच धंदा पाहिला. डोक्याला लावायच्या रूपाला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. (२) फिनास्टेराइड, लावायचे. हे वर सांगितलेल्या विकरालाच अडवते. आपल्याकडे दोन्ही एकाच बाटलीत मिळतात. वरून लावले तरी थोडे रक्तात उतरतेच. कामेच्छा कमी होणे, मन उदास होणे असे काही जाणवले तर लाज सोडून डॉक्टरांना सांगावे. (३) केटोकोनॅझोलचा शाम्पू. मूळ काम कोंड्याचे, केसांना हातभार जमला तर. (४) बारीक सुयांचा रोलर, ऐच्छिक. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१३ साली १०० पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांपेक्षा जोडीला आठवड्यातून एकदा सुया टोचून घेणाऱ्यांचे केस १२ आठवड्यांत बरेच अधिक वाढले. परगावच्या संशोधनावर विश्वास नसणाऱ्यांची ही सोय.

विधी. टाळू कोरडी करावी. ड्रॉपरने १ मिलि मिनॉक्सिडिल, सकाळ-संध्याकाळ. भांग पाडून कातडीला लावावे. उरलेल्या केसांना अभिषेक करण्यात अर्थ नाही, ते आपले काम करतच आहेत. हात धुवावेत. वाळल्याशिवाय आडवे होऊ नये, नाहीतर औषध उशीला लागते. एकत्र बाटली असेल तर दिवसातून किती वेळा, हे डॉक्टर सांगतील तसे. शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटे ठेवून. तेवढा वेळ गाणे म्हणावे. सुया टोचल्या त्या दिवशी औषध लावू नये. टोचलेल्या कातडीतून ते हवे त्याहून जास्त आत जाते.

निषेध. सगळे साहित्य एकाच मुहूर्तावर सुरू करू नये. खाज सुटली की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. दुप्पट लावल्याने केस दुप्पट येत नाहीत, छाती मात्र धडधडू शकते. घरात मांजर असेल तर तिला डोके चाटू देऊ नये. मिनॉक्सिडिल तिच्या जिवावर बेतते. गरोदर स्त्रीचा हात फिनास्टेराइडला लागू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. मावशींनी पाठवलेले जास्वंदाचे तेल आदराने स्वीकारावे आणि औषधाच्या वेळी कपाटातच असू द्यावे. वाटीत सगळे कालवून स्वतःचे सूत्र बनवणाऱ्यास पुण्य नाही, पुरळ आहे.

फलश्रुती. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्तच गळतात. जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. नेमके याच टप्प्यावर निम्मे व्रतस्थ बाटली फेकतात आणि उरलेले आयुष्य ‘आम्ही करून पाहिलंय’ असे सांगत काढतात. खरा निकाल चार-सहा महिन्यांनी कळतो. गुळगुळीत झालेल्या जागी जंगल उगवत नाही. आहे ते टिकले आणि थोडे दाट झाले, तर व्रत फळले असे समजावे.

उद्यापन. नाही. लावणे थांबवले की काही महिन्यांत सगळी कमाई परत जाते. म्हणून संकल्प करताना चार बाटल्यांचा उत्साह धरू नये. साठाव्या वर्षी, पाहुणे घरात असताना, रविवारी सकाळीही जेवढे लावाल तेवढेच आज घ्यावे. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा एक येतो, फार तर दोन. ज्याला उद्यापन हवेच असेल त्याने न्हाव्याकडे जाऊन सरळ गोटा करून घ्यावा. मात्र झालर आठवड्याभरात पुन्हा डोके वर काढते, तेव्हा तेही व्रतच समजावे.